टीव्हीवरचा गजरा कसा सुटला

मंडईचे दिवस आहेत, घरात पाहुणे आहेत, कुणाचा धान कापून झाला तर कुणाचा अजून बांधीतच आहे. एवढ्या गडबडीत रेडिओ लावून बसलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार.

आज टीव्हीवरून जवळजवळ नाहीसा झालेल्या एका प्रकाराबद्दल बोलायचं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'विविध गुणदर्शन' असतं ना, तसाच हा प्रकार. आधी ईशस्तवन, मग लहान पोरींचा नाच, मग एखादा मुलगा कोंबड्याचा, रेल्वेचा आवाज काढून दाखवतो, मग दहा मिनिटांची नाटिका, मग पुन्हा गाणं. एखादी गोष्ट आवडली नाही म्हणून कुणी उठून जात नाही. पुढे काय येईल ते माहीत नसतं, आणि आपल्या पोराची पाळी अजून यायची असते.

टीव्हीवर असे कार्यक्रम एके काळी राज्य करत होते, आपल्याकडे आणि जगभर. आता सगळे चॅनल फिरवा. गाणी दिसतील, नाच दिसेल, विनोदही भरपूर दिसेल, पण प्रत्येकाचं दुकान वेगळं. सगळं एका ताटात वाढून आणणारा कार्यक्रम क्वचितच सापडतो. तो का गेला? आणि आपल्या झाडीपट्टीत त्याचा भाऊबंद अजून रात्र-रात्र कसा जागवतो? आजचं बोलणं या दोन प्रश्नांचं आहे.

सुरुवात लांबून करते, कारण या प्रकाराचं टीव्हीवरचं सर्वांत मोठं घर अमेरिकेत होतं. टीव्ही येण्याआधी तिकडे गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्या होत्या. त्यांच्या खेळात एक गाणारा, एक विदूषक, एक जादूगार, एक कसरतवाला, एक कुत्र्यांचे खेळ करणारा, असे सगळे ओळीने येत. एका कलावंताकडे पंधरा मिनिटांचा एकच खेळ असला, तरी तो त्यावर दहा-दहा वर्षं पोट भरायचा, कारण रोज गाव नवं असायचं. सिनेमा आला आणि या मंडळ्या मोडल्या. पुढे टीव्ही आला, त्याला रोज दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि हेच कलावंत टीव्हीवर गेले.

1948 साली एड सलिव्हन नावाच्या माणसाचा कार्यक्रम सुरू झाला, दर रविवारी रात्री. सलिव्हन स्वतः गात नव्हता, नाचत नव्हता. वर्तमानपत्रात सदर लिहिणारा माणूस होता तो, आणि कॅमेऱ्यापुढे अगदी काठीसारखा उभा राहायचा. पण घरातल्या प्रत्येकासाठी तासाभरात काहीतरी आलं पाहिजे, एवढं त्याला पक्कं कळत होतं. काठ्यांवर ताटल्या फिरवणारा, मोठ्या नाटकगृहात गाणारी बाई, लहान मुलांसाठी बाहुला-उंदीर आणि तरुण पोरांसाठी नव्या वाद्यांचा धडाका, असं सगळं त्याच्याकडे असायचं. 9 फेब्रुवारी 1964 ला त्याने इंग्लंडहून आलेली बीटल्स नावाची चार पोरं मंचावर आणली. त्या रात्री सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. मला यात त्या पोरांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्यांना पाहायला बसलेल्या पोरींच्या शेजारी त्यांच्या आज्याही बसल्या होत्या. आज्यांनी नाकं मुरडली असतील, पण पाहिलं. आणि पोरींनीही, आपली आवडती पोरं येईपर्यंत, जादूचे खेळ आणि नाटकातली गाणी ऐकली.

असा कार्यक्रम 1971 मध्ये बंद झाला. पाहणारे लोक संपले होते, असं नाही. जाहिरातदारांचा हिशोब बदलला होता. तोवर ते फक्त किती लोक पाहतात ते विचारायचे. आता विचारू लागले, कोण पाहतं? तरुण किती, बाया किती, शहरातले किती, हातात पैसा असणारे किती? ज्या कार्यक्रमापुढे आजोबा, नातू आणि सून एकाच बाकावर बसतात, त्यात नेमकी कशाची जाहिरात लावायची? दाढीच्या पात्याची, गोळ्या-बिस्किटांची की साबणाची? आवडनिवड एकसारखी असलेले लोक एका वेळी समोर बसले, तर साबण विकायला सोपं. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे तोच आपल्या घरात येणार आहे.

जपानची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि आपल्याला आवडेल अशी आहे. तिकडच्या सार्वजनिक वाहिनीवर वर्षाच्या शेवटच्या रात्री गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम होतो. 1951 मध्ये तो आपल्यासारखाच रेडिओवर सुरू झाला आणि 1953 पासून टीव्हीवर आला. त्यात लाल संघ बायांचा आणि पांढरा संघ पुरुषांचा. 1963 मध्ये त्याची मोजणी 81 टक्क्यांवर गेली होती. हा कार्यक्रम अजून चालू आहे, पण अलीकडे तो आकडा तीस-पस्तीसच्या घरात आला आहे. जिथे परंपरा एवढी घट्ट, तिथेही लोक आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर गेले.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला प्रयोग म्हणून टीव्ही सुरू झाला. मुंबईचं केंद्र उघडलं 2 ऑक्टोबर 1972 ला. आपल्याकडच्या लोकांना वाटतं की टीव्ही आधी शहरात आला आणि मग हळूहळू खेड्यात. पण आपल्या अगदी शेजारी याच्या उलट घडलं होतं. गोंदियाहून रेल्वेने पूर्वेला निघालं की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा एक मोठा सरकारी प्रयोग झाला. त्यात रायपूरच्या बाजूची खेडी होती. तेव्हा तो मुलूख मध्यप्रदेशात होता. शाळेत नाहीतर पंचायतीच्या जागेत एक संच ठेवायचे आणि संध्याकाळी सगळं गाव त्यापुढे जमायचं. शेतीची माहिती, तब्येतीची माहिती आणि त्यातच लोकगीतं, लोकनृत्यं. म्हणजे विविध गुणदर्शनच, पण कामाचं. वर्ष संपलं आणि प्रयोगही संपला, कारण तो उपग्रह अमेरिकेचा होता, उसना आणलेला.

मुंबई केंद्राची गोष्ट मात्र आपल्या मराठीची. तिथे 'गजरा' नावाचा कार्यक्रम होता. विनायक चासकर, विनय आपटे अशा निर्मात्यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. छोटी-छोटी प्रहसनं, गमती, गाणी, नकला, एकामागून एक ओवलेल्या. नाव किती नेमकं ठेवलं होतं पाहा. गजऱ्यात मोगरा असतो, अबोली असते, मधे हिरवा मरवाही असतो. धागा दिसत नाही, पण तो नसला तर सगळं मोकळं होऊन ओट्यात पडतं. पुढे नाटक-सिनेमात नाव कमावलेले कितीतरी नट-नट्या लोकांनी आधी अशा कार्यक्रमांत पाहिले होते. नवख्याला एक पूर्ण नाटक कोण देणार? पाच मिनिटं मात्र देता येतात.

'गजरा' एकटा नव्हता. गुरुवारी 'छायागीत'. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 पासून 21 वर्षं चालला. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', लहान मुलांसाठी 'किलबिल', बायांसाठी 'सुंदर माझं घर'. आठवडाभरात काय-काय दाखवणार ते सांगणारी 'साप्ताहिकी'सुद्धा लोक आवडीने पाहायचे. मालिका तेव्हाही होती. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं 'चिमणराव' महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं होतं. पण ती आठवड्यातून एकदा यायची, आणि बाकी दिवस बाकीच्यांचे असायचे. थोडक्यात, एकेक कार्यक्रम तर मिसळीचा होताच, अख्खी संध्याकाळच मिसळीची होती. मालकाला शेतीचं पाहायचं असेल तर बाईलाही ते ऐकू यायचं, आणि बायांच्या कार्यक्रमात रक्ताच्या कमतरतेबद्दल सांगत असतील तर ते मालकाच्याही कानावर पडायचं. दुसरा चॅनलच नव्हता, तर जाणार कुठे?

आपल्या भागात टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात. 1982 मध्ये दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत टीव्ही एकदमच आले. 1984 च्या सुमारास देशभर छोटे-छोटे प्रक्षेपक उभारले गेले. त्यावरून मुख्यतः दिल्लीचंच दिसायचं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बायांसारखा 'गजरा' आपल्या वाट्याला आला नाही. आपल्या वाट्याला 'चित्रहार' आला, 31 डिसेंबरच्या रात्रीचा मोठा कार्यक्रम आला, आणि 1987-88 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' आलं. त्या काळी टीव्ही ज्याच्या घरी असायचा, त्याची ओसरी भरून जायची. पुढे पोरं, त्यांच्यामागे पुरुष, आणि बाया दाराशी नाहीतर खिडकीत उभ्या. अॅन्टेना फिरवायला एक पोरगा कवेलूवर. चित्र गेलं की 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' अशी पाटी, आणि ती पाटीही लोक टक लावून पाहायचे.

त्या जुन्या कार्यक्रमांची आरती ओवाळायला मी आज आलेली नाही. त्यात खोटही होती. बोली बहुतेक मुंबई-पुण्याची. खेड्यातलं माणूस आलं तर नोकर म्हणून, नाहीतर हसायला. आणि बायकोवरचे विनोद तर इतके की, ते काढून टाकले असते तर निम्मे लेखक बेकार झाले असते. तरीही त्या मांडणीत एक गोष्ट होती, जी नंतरच्या झगमगाटात सापडत नाही. पाच मिनिटं आपलं करून दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. नंबर नाही, निकाल नाही.

1990 मध्ये दूरदर्शनवर 'सुरभि' सुरू झालं आणि ते 2001 पर्यंत चाललं. सिद्धार्थ काक आणि आपल्या मराठी रेणुका शहाणे ते सादर करायच्या. कुठल्या तरी राज्यातले विणकर, कुठल्या तरी गावचे मुखवटे, कुठलं तरी विसरलेलं वाद्य, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. शेवटी एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर पोस्टकार्डावर मागवायचे. लाखांनी पत्रं यायची, इतकी की टपाल खात्याने पुढे स्पर्धांसाठी वेगळं, जास्त किमतीचं कार्ड काढलं. लोकांना असले कार्यक्रम नको होते म्हणून ते गेले, असं कुणी सांगितलं तर त्यांना त्या पोस्टकार्डांची आठवण द्या.

मग घडलं काय? 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाला. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, तेच पुढे झी मराठी झालं. 2000 मध्ये ई-टीव्ही मराठी आलं. एका चॅनलचे दहा झाले, दहाचे शंभर. 3 जुलै 2000 या एकाच तारखेला एकाच हिंदी वाहिनीवर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक 'कौन बनेगा करोडपती' आणि दुसरी सासू-सुनेची 'क्योंकि'. पैशाचा खेळ आणि रोजची मालिका. पुढची वीस वर्षं आपल्या संध्याकाळी कशाच्या ताब्यात जाणार, ते त्या एका रात्रीत ठरलं म्हणा ना.

आपण बचत गट चालवतो, जमा-खर्च आपल्याला कळतो. म्हणून यातला हिशोबही मांडून पाहू. विविध मनोरंजनाचा एक तास करायचा, तर काय लागतं? गाणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, नाचणारे वेगळे, प्रत्येक प्रहसनाला नवा लेख, नवे कपडे, नवी तालीम. आणि एवढं करून तो विनोद एका रात्रीत संपतो. फिरत्या मंडळीतला विदूषक एकाच खेळावर दहा वर्षं जगायचा, कारण प्रत्येक गावाला तो नवा होता. टीव्हीवर मात्र सगळं राज्य तो खेळ एकाच रात्री पाहून बसतं. पुढच्या आठवड्यात काय करायचं?

मालिकेचं पाहा. एक बंगला उभा करा, त्यात एक जिना, एक देवघर, एक स्वयंपाकघर. तीच माणसं रोज येतात. ई-टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. नावात दिवस चार आणि चालली अकरा वर्षं! बंगल्याचा खर्च केव्हाच वसूल झाला असेल. आणि खरी गोम पुढे आहे. विविध कार्यक्रम एखाद्या आठवड्यात चुकला, तर आपलं काही अडत नाही. मालिका मात्र रोज शेवटच्या मिनिटाला कुणाला तरी दाराआडून ऐकताना दाखवते, आणि आपण उद्या त्याच वेळेला परत येऊन बसतो. जाहिरातदाराला हेच हवं असतं, त्याच वेळी तीच बाई त्याच जागी. सलिव्हनच्या वेळचा साबणाचा हिशोब इथे आपल्या घरात शिरला.

उरलेल्या मालाची वाटणी झाली. गाणी गाण्यांच्या चॅनलला गेली. विनोद विनोदी कार्यक्रमात गेला. 'फू बाई फू' आलं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. नाच आणि गाणं यांच्या स्पर्धा झाल्या. मोगरा एका टोपलीत, अबोली दुसऱ्या टोपलीत, भाव वेगवेगळा. स्पर्धांमुळे खेड्यातल्या पोरांना मोठे मंच मिळाले, हे मी नाकारत नाही. पण नाच करणारी पोरगी आता नाच करून घरी जात नाही, 'बाद' होऊन जाते. आठ वर्षांच्या लेकराला रडताना जवळून दाखवतात, आणि तेवढ्यात जाहिरात लागते. शाळेच्या गुणदर्शनात वाईट नाचलेल्या पोरीलाही टाळ्या मिळायच्या. तिची आई तरी वाजवायचीच.

वाटणी झाली तरी मिसळीची भूक गेली नव्हती, याचे दोन मोठे पुरावे मराठीतच आहेत. पहिला 'होम मिनिस्टर'. 2004 मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ वीस वर्षं चालला. आदेश बांदेकर भावोजी म्हणून घरात यायचे, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी माईक धरला नव्हता, ती आपलं लग्न कसं जमलं ते सांगायची, उखाणा घ्यायची, खेळायची, पैठणी मिळाली की लाजायची. लोक त्याला खेळांचा कार्यक्रम म्हणतात. माझ्या मते तो बाईच्या विविध गुणदर्शनाचाच तुकडा होता. फक्त बहुतेक गप्पा सासर आणि नवऱ्याभोवती फिरायच्या. तिने किती रोवणी केली, गटात किती कर्ज फेडलं, हे सहसा कुणी विचारलं नाही.

दुसरा पुरावा 'चला हवा येऊ द्या'. ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालं, 2024 मध्ये थांबलं आणि 2025 मध्ये नव्या रूपात परत आलं. त्यात हसून-हसून पोट दुखायचं, आणि मधेच सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे, तेव्हा हसणारी माणसंच पदराने डोळे पुसायची. हसू आणि रडू एकाच तासात, हाच जुन्या मिसळीचा गुण. भारत गणेशपुरे यांच्यामुळे वऱ्हाडी बोली सगळ्या महाराष्ट्राने ऐकली, तीही नोकराच्या तोंडून नव्हे. आपल्या झाडीबोलीची पाळी मात्र अजून यायची आहे. आणि एक गोष्ट मला नेहमी खटकायची. पुरुषांनी लुगडं नेसून बाई केली की लोक लोळून हसायचे. दंडारीतही पुरुषच बाई व्हायचे, पण तिथे बाई मंचावर यायचीच नाही म्हणून. टीव्हीवर तर बाया होत्या, चांगल्या कलावंत होत्या. तरी हसू लुगड्यालाच.

दंडारीचं नाव आलंच आहे, तर आता आपल्या मांडवात येऊ.

टीव्हीला जे सत्तर वर्षांपूर्वी सुचलं, ते झाडीपट्टीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, हा आपला धानाचा आणि तलावांचा मुलूख. धान कापायला आलं की दिवाळी, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा ठरलेला, म्हणजे शेजारच्या गावच्यांना येता येतं आणि लेकींना माहेरी येता येतं. त्या मंडईत दंडार उभी राहायची. गण, गौळण, नाच, सोंग, सवाल-जवाब, मधेच गावातल्याच एखाद्या माणसाची नक्कल. खडी गंमत तर नावाप्रमाणे उभ्यानेच करायची. तीत लावणीही आहे, विनोदही आहे आणि देवाचं नावही आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि या लोककलांच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचलं, म्हणून यातलं बरंचसं कागदावर तरी आलं.

मग नाटक आलं आणि नाटकाने दंडारीला मागे सारलं. टीव्हीवर मालिकेने 'गजऱ्या'चं जे केलं, तेच म्हणायला हरकत नाही. पण एक मोठा फरक राहिला. झाडीपट्टीच्या नाटकाने दंडारीला हाकलून दिलं नाही, पोटात घेतलं. आपलं नाटक मुंबईसारखं अडीच तासांत उरकत नाही. रात्री उशिरा सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. गंभीर प्रवेश चालू असतो, सासू सुनेला घराबाहेर काढत असते, आणि पुढच्याच क्षणी लावणी लागते. मग विनोदी नट येतो, मग पुन्हा रडारड. शहरातून आलेली माणसं विचारतात, हे काय, मधेच नाच कसा? अहो, नाच नसता तर पहाटे तीन वाजता जागं कोण राहिलं असतं?

गोंदिया-बल्लारशा रेल्वेने अर्जुनीच्या पुढे गेलं की वडसा लागतं. या नाटक मंडळ्यांचा बाजार तिथेच भरतो. दिवाळीच्या आधीपासून गावोगावची माणसं तिथे जाऊन तारखा ठरवतात, आणि होळीच्या आसपासपर्यंत हंगाम चालतो. त्यावर नट, गायक, वादक, पडदेवाले, मांडववाले अशी कितीतरी घरं चालतात. 2023 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग केलेला कलावंत. टीव्हीच्या किती कलावंतांच्या नावावर एवढे प्रयोग असतील?

आता कुणी विचारेल, टीव्ही घरोघरी आला, मोबाइल हातोहाती आला, तरी हे टिकलं कसं? नाटक फार चांगलं असतं म्हणून? कधी असतं, कधी नसतं. मला दिसतं ते असं की, टीव्हीसमोरचा जमाव फुटला आणि मांडवातला फुटला नाही. मंडईच्या रात्री आजी, सून, नातू, पाहुणा, सगळे एकाच जागी बसलेले असतात, बोरं आणि बाजी घेऊन, अंगावर गोधडी घेऊन. म्हणून मंडळीला प्रत्येकासाठी काहीतरी आणावंच लागतं. रिमोट कुणाच्याच हातात नसतो. मिसळीच्या कार्यक्रमाला मिसळीचा जमाव लागतो. तो जमाव दूरदर्शनच्या हातात होता तोपर्यंत 'गजरा' होता.

पण आपल्या मांडवालाही वाळवी लागते आहे, हे झाकून चालणार नाही. काही गावांत दंडार बंद होऊन डीजे आला. काही ठिकाणी लावणीच्या नावाखाली असा नाच होतो की बाया लेकरांना घेऊन उठून जातात. बाया उठल्या की जमाव फुटलाच. मग पुढच्या वर्षी मंडळी फक्त उरलेल्या पुरुषांसाठीच खेळ आणते. साबणाचा हिशोब इथेही तसाच लागू होतो, फक्त माल वेगळा.

आणि वर्गणी? ती तर आता गटाच्या बायाही गोळा करतात, पाहुण्यांचा स्वयंपाकही त्याच करतात. मंचावर मात्र त्या दिसतात सत्काराचं ताट धरताना. नाटकाचं पोस्टर कधी नीट वाचून पाहा. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी, प्रमुख अतिथी. नटांची नावं शोधायला चष्मा लागतो. एवढ्या सगळ्यांना दोन-दोन शब्द बोलायचे असतात, आणि दोन शब्द किती लांब होतात ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्या नवेगाव बांधच्या आजूबाजूच्या गावांत रोवणीची गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. चिखलात वाकून म्हणायची ती गाणी, हाताच्या तालावर. यंदा रोवणीला कुणी मोबाइलवर गाणी लावली, कुणी यंत्र आणलं. त्या आजीबाईंना ती गाणी कुठे म्हणायला मिळतील? टीव्हीवर त्यांच्यासाठी जागा नाही, त्यांचं वय कुठल्याच स्पर्धेच्या अर्जात बसत नाही. गटातल्या पोरी सावित्रीबाईंवर नाटिका बसवतात, ती 3 जानेवारीला एकदा होते आणि संपते. कुणाला नकला येतात, कुणी सरपंचाची हुबेहूब चाल करून दाखवते, तेही मासिक बैठकीत, दार लावून.

पोस्टरवर नाटकाची वेळ छापलेली असते रात्री दहाची. पडदा वर जातो बाराच्या पुढे. मधले ते दोन तास गावातल्या सगळ्या बाया सतरंजीवर बसून भाषणं ऐकत असतात. मंडईची बैठक लागेल तेव्हा ग्रामसंघाच्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन बसा. पंधरा मिनिटं मागा, तीन गावच्या तीन आजीबाईंसाठी प्रत्येकी पाच. बाकीचा वेळ उद्घाटकांचाच राहू द्या. मिळाली, तर आम्हाला कळवा. आम्ही माईक घेऊन येऊ.